नळाची बाटली

सांडपाणी केंद्राच्या ऑपरेटरला सगळं गाव नाकोबा म्हणायचं. कुठल्या गल्लीत पाहुणे उतरलेत आणि कुठल्या घरात नवरा-बायको भांडून उपाशी झोपलेत, हे तो नुसत्या गटाराच्या वासावरून सांगायचा. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा. बिचारीला आयुष्यात एक गोष्ट लपवता आली नाही.

केंद्रातल्या मोठ्या टाकीत घाण खाऊन पाणी साफ करणारे जंतू असतात. नाकोबा त्यांना लेकरं म्हणायचा. लेकरांना हवा लागते, ती ब्लोअर पुरवतो. दोनातला एक ब्लोअर जळून सात महिने झाले होते. नाकोबानं सहा अर्ज दिले. इंजिनियर साहेब म्हणायचे, रिपोर्ट तर झकास येतोय, मग ब्लोअर कशाला?

झकास येणारच. तपासणीची बाटली साहेब दर महिन्याला केबिनमधल्या हात धुवायच्या नळाखाली भरत. पुढे तर, एवढं स्वच्छ पाणी येतंय म्हणून उरलेला ब्लोअरही दिवसातून दोनच तास चालवायचा हुकूम आला. लेकरं तडफडून मेली. मातकट टाकी काळी ठिक्कर पडली.

तशात नगराध्यक्षांनी रिपोर्ट वाचला आणि ठरवलं, हे पाणी ओढ्यात कशाला सोडायचं? पालिकेसमोर कारंजं करू. साहेबांनी मान डोलावली. इतके महिने थाप मारून त्यांची त्यांनाच ती खरी वाटू लागली होती.

नाकोबानं आठवण करून दिली, ''साहेब, बाटली नळाची होती.''

''तू व्हॉल्व्ह उघडायचं बघ. अक्कल आम्हाला आहे.''

नाकोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बायकोनं सकाळीच बजावलं होतं, अहो, भांडू नका, लेखी घ्या. त्यानं साहेबांकडून लेखी हुकूम घेतला, खिशात घातला आणि उद्घाटनाच्या मुहूर्तावर व्हॉल्व्ह पार शेवटपर्यंत फिरवला.

कारंजं तीन मजले उडालं. अध्यक्षांचा पांढरा सदरा कावळ्याला लाजवील असा झाला. बँडवाल्यांनी वाजवायचं सोडून भोंग्यांत तोंडं खुपसली. पालिकेवरची कबुतरं त्या दिवशी उडाली ती अजून परतलेली नाहीत. शेजारच्या गावात त्यांनी पत्ता बदलून घेतलाय म्हणतात.

दुपारी साहेब केंद्रावर आले. कानामागे अजून काळं होतं. खुर्चीवर टेकत हळूच म्हणाले, ''नाकोबा, लिहून दे, तुझ्या हातून चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. उद्याच नवा ब्लोअर आणतो, शब्द देतो.''

सात महिने ज्याच्यासाठी जोडे झिजवले, तो ब्लोअर एका सहीवर आला होता. नाकोबानं खिडकीतून मेलेल्या टाकीकडे पाहिलं. मग पान्हा उचलला, केबिनमधला नळ भिंतीतून उपसला, पाइपाला बूच ठोकलं आणि नळ खिशात हुकुमाशेजारी ठेवला.

''ब्लोअर गावाचा आहे साहेब, तुमच्या घरचा आहेर नाही. तो सहीशिवाय येईल. नाही आला तर हा कागद अध्यक्षांकडे जाईल.''

''आणि महिन्याची बाटली?'' साहेब ओल्या भिंतीकडे बघत राहिले.

''टाकीतून भरा,'' नाकोबा म्हणाला, आणि रिकामी बाटली त्यांच्या हातात कोंबली. ''वाकून. मी मागून धरतो.''