बिल्ल्यासकट कान

कागदोपत्री गाय काल दुपारी चार वाजता पोट फुगून मेली होती. तिला हे कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे ती गोठ्यात निवांत रवंथ करत उभी होती.

मृत्यूचा दाखला घेऊन दीर सकाळी सकाळीच हजर झाला. दुसऱ्या हातात विळा, खिशात प्लॅस्टिकची पिशवी.

"वहिनी, गाय जरा धरा. कान तेवढा कापतो."

बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या गाईचा विमा असतो. तो हवा तर गाईचा पिवळा बिल्ला कानासकट जमा करावा लागतो. नुसता बिल्ला चालत नाही. लोक फसवतात म्हणे.

"आणि गाय?"

"लांबच्या बाजारात विकू. विमाही आपला, गायही आपली. डोकं लागतं त्याला."

नवरा गेल्यापासून वहिनीने याच दुधावर हप्ते भरले होते. आणखी दोन भरले की गाय तिची. या घरात तिची म्हणावी अशी ती पहिलीच वस्तू.

"भाऊजी, गाय माझी आहे."

"तुम्हीच आमच्या आहात, मग गाय कुणाची?"

ती विळ्यासमोर आडवी झाली. दिराने आधी समजावलं, म्हणजे मुस्कटात मारली. पटेना, तेव्हा केस धरून तिचं डोकं गव्हाणीवर आपटलं. एक दात शेणात पडला. वहिनीने भरली बादली त्याच्या नडगीवर घातली. हाड काडकन वाजलं. विळा तिच्या दंडातून गेला. तिने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. दोघं शेणात लोळली. एवढ्यात गाईने आपलं मत नोंदवलं: एकच लाथ, नेमकी दिराच्या बरगडीत.

आता विळा वहिनीकडे होता. तिने त्याच्या मानेवर गुडघा रोवला.

दाखल्यावर सही करणारे जनावरांचे डॉक्टर आपला वाटा न्यायला आले, तेव्हा दीर भिंतीला टेकून गुरासारखा ओरडत होता. वहिनीने पिशवी पुढे केली.

"घ्या. कान."

डॉक्टरांनी आत पाहिलं आणि दाराचा आधार घेतला. "याला... बिल्ला नाही."

"मग दाखला फाडा." तिने तो पुढे केला.

त्यांनी बारीक तुकडे केले. गाय कागदोपत्रीही जिवंत झाली.

डॉक्टर दिराकडे वळले. "याला टाके घालायला हवेत. पण माझ्याकडे जनावरांचाच दोरा आहे."

"चालेल," वहिनी म्हणाली.

दंडाला फडकं बांधून ती धारेला बसली. दूध त्या दिवशी जरा कमीच निघालं. हप्त्यापुरतं होतं.