लहूकाकांची शिफारस

लहूकाका तिला नावानं हाक मारू लागले, तेव्हाच उपासनाच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी ती दुकानात शिरली की काकांची हाक ठरलेली, "काय डॉक्टरीणबाई, आज उशीर?" अमेरिकेत फार्मसी पूर्ण केली की नावामागे डॉक्टर लागतं, पण अजून डॉक्टरीण कुठली! नागपूरच्या बीएस्सीतले निम्मे विषय इथल्या फार्मसी स्कूलनं धरलेच नाहीत. म्हणून तिशी उलटलेली, एका मुलीची आई असलेली उपासना पुन्हा कॉलेजात जाऊन बसली होती. मिसरूडही न फुटलेल्या पोरांबरोबर ऑरगॅनिक केमिस्ट्री. लॅबमधला पार्टनर तिला 'मॅम' म्हणायचा आणि ती ओशाळायची. उरलेल्या वेळात ती काकांच्या दुकानात टेक्निशियन म्हणून उभी राहायची. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एका नेल सलूनच्या शेजारी काकांची स्वतःची फार्मसी होती, आणि गावातल्या मराठी बौद्ध मंडळींना तिचा कोण अभिमान. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला काका स्वतः गाडी घेऊन विमानतळावर न्यायला जायचे. उपासना आणि कुशलच्या पहिल्या अपार्टमेंटमधली गादीसुद्धा काकांच्याच बेसमेंटमधून आलेली.

"उपासना, इन्शुरन्सवाल्यांचा फोन आहे, घे," काका त्या दिवशी म्हणाले. नुसतं उपासना.

तिनं फोन घेतला, काम उरकलं आणि हळूच विचारलं, "काका, तेवढी शिफारस पाठवलीत का? एप्रिलअखेर मुदत आहे."

"होतंय गं. घरचंच तर काम आहे." काका लेबलांच्या प्रिंटरशी खुडबुड करत राहिले. प्रिंटर चांगला चालत होता.

स्कूलचा नियम साधा होता. बाकी सगळं असलं तरी, तिचं काम डोळ्यांनी बघितलेल्या एका फार्मासिस्टनं तिच्याबद्दल लिहून पाठवायला हवं. ते आलं नाही, तर तिचा अर्ज कोणी उघडणारही नव्हतं.

घरी तिनं कुशलला सांगितलं. नवरा सोफ्यावर फोन घेऊन बसला होता.

"काकांवर संशय? तू पण ना यार!" त्यानं मान वर केली नाही. "पाठवतील. आणि नाही जमलं या वर्षी, तर पुढच्या वर्षी. नैना अजून लहान आहे."

पुढच्या वर्षीचं हे त्यानं याआधी कधी काढलं नव्हतं. उपासनाच्या ते लक्षात आलं, आणि तिनं ते मनातल्या मनात दाबून टाकलं. पोरीला ताप येण्याआधी जिला कळतं, अशी ती आई. पण घरातल्या मोठ्या माणसांकडे त्या नजरेनं बघायचं तिच्या जिवावर यायचं.

दुसरं कोणी नव्हतं असं नाही. शनिवारी दुकान सांभाळायला विनीता यायची. तीही फार्मासिस्ट, मराठी आईबापांची, पण इथेच जन्मलेली. काकांना तोंडावर 'लहू' म्हणायची आणि काका हसून घ्यायचे. तिनं एकदा आपणहून विचारलं होतं, "ॲप्लिकेशनसाठी काही हवं असलं तर सांग हं." त्यावर उपासना अगदी अभिमानानं म्हणाली होती, "काका आहेत ना!" काका असताना दुसऱ्यापुढे हात पसरायचा म्हणजे काकांवर भरवसा नाही असं चारचौघांत सांगण्यासारखंच. ते तिच्यानं झालं नसतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, काकांच्या घरी सगळी तयारी चालली होती. दुसऱ्या दिवशीसाठी शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला. गॅरेजमध्ये उपासना आणि गिरजाकाकू बटाटे सोलत बसल्या होत्या. आत पुरुषमंडळी बॅनर बांधत होती, आणि काका भाषणाची तालीम करत होते. विषय नेहमीचाच, स्त्रियांचं शिक्षण. त्यात दर वर्षी काका उपासनाला उभं करायचे, "बघा, ही आपली लेक, मूल सांभाळून शिकतेय!" आणि लोक टाळ्या वाजवायचे.

"बाई गं, पुढच्या जयंतीला एवढे बटाटे सोलायला कोण येईल माझ्यासोबत?" काकू म्हणाल्या. "तिकडे अ‍ॅशबर्नला म्हणे मंडळ मोठं आहे. तुला काय, रेडीमेड मैत्रिणी मिळतील."

"अ‍ॅशबर्नला कोण चाललंय?"

काकूंचे हात थांबले. "म्हणजे... कुशल काही बोलला नाही?"

"काय बोलला नाही?"

"जळो माझं तोंड!" काकू साल काढलेलाच बटाटा पुन्हा सोलायला लागल्या. "अगं, त्याची तिकडे व्हर्जिनियाला बदली आहे ना. डेटा सेंटरचं काम, मोठी पोस्ट. मला वाटलं तुमचं ठरलंय. तो येऊन ह्यांना म्हणाला, काका, माझं ती ऐकायची नाही, तिची शिफारस तुम्हीच जरा लांबवा. म्हणून तर हे थांबले. नाहीतर ह्यांना काय, दहा मिनिटांचं काम."

उपासना उठली. हात पुसायचंही तिला सुचलं नाही. ओल्या हातांनीच ती आत गेली.

कुशल स्टुलावर चढून बॅनरची दोरी ताणत होता. तिचा चेहरा बघून तो खाली उतरला. बाकीची मंडळी कसलंसं निमित्त काढून किचनकडे सरकली. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

"काका, तुम्ही शिफारस पाठवणारच नव्हता?"

काकांनी भाषणाचा कागद खाली ठेवला. "बस आधी. हे बघ, चार वर्षांचा कोर्स. नवरा तिकडे, तू इकडे, पोर कोणाकडे? मी बापासारखा विचार केला."

"बापानं मला विचारलं असतं."

"उपासना, हळू बोल, लोक आहेत," कुशल पुटपुटला.

"लोकांना तर आधीच सांगितलंयस! राहिले कोण, मी आणि नैना."

"सांगणारच होतो गं. तुझी सेमिस्टर संपू दे म्हटलं. उगाच टेन्शन..."

"मला टेन्शन नको म्हणून माझी मुदत टळू द्यायची?" तिचा आवाज चिरकला. तिला रडायचं नव्हतं, पण नाक गळायला लागलं. "काका, मी रोज विचारत होते तुम्हाला. घरचं काम आहे म्हणालात. मी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. तुमचा अपमान होईल म्हणून विचारलं नाही!"

काकांचा चेहरा उतरला. "आत्ता लिहितो. लॅपटॉप आण रे कुणीतरी."

हो म्हटलं असतं तर दहा मिनिटांत सगळं मिटलं असतं. पण आता ते काय लिहितील आणि काय गाळतील, याची खात्री तिला कशी वाटणार होती?

"नको. आणि उद्या मला उभं करू नका."

दुकान तिथून जवळच होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. काउंटरमागे विनीता गोळ्या मोजत होती. उपासनानं सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, मधेच हुंदका आला की थांबत. आपल्याच माणसांचं असं बाहेर उघडं करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"वेट, लहूनं? ऑन पर्पज?" विनीतानं गोळ्या बाजूला सारल्या. "मग तू मला का नाही विचारलंस? मी तर ऑफर केलं होतं."

"सॉरी. चुकलं माझं."

"सॉरी काय म्हणतेस? मी खरं लिहिणार हं. सुरुवातीला काउंटरवर तू फार स्लो होतीस. लोकांना घाबरायचीस."

"लिही."

"आणि त्या आजोबांचं पण लिहिणार. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी दिलं होतं, ते तू पकडलंस. माझ्या नजरेतून सुटलं होतं." विनीतानं कॉम्प्युटर पुढे ओढला. "लहू रुसेल. रुसू दे. पण तुला घेतीलच असं मी प्रॉमिस नाही करू शकत."

"माहितेय," उपासना म्हणाली. ती काउंटरला धरून उभी राहिली. विनीता लिहीत होती, मधेच गिऱ्हाईक बघत होती, पुन्हा लिहीत होती. शेवटी एकदाचं तिनं बटण दाबलं आणि अंगठा वर केला.

बाहेर कुशल गाडी लावून बसला होता. मागे कार सीटमध्ये नैना फटाफट क्रॅकर्स खात होती. उपासना मागचं दार उघडून तिच्याशेजारी बसली.

"पुढे बस ना. उबरवाला वाटतोय मी."

तिनं आपला सीटबेल्ट लावला.

"दिली का विनीतानं शिफारस?"

"दिली."

"बघ!" त्याचे खांदे सैल झाले. "झालं ना शेवटी? मग आता तरी चेहरा नीट कर. काका बिचारे जेवले पण नाहीत. एक सॉरी म्हणून टाक, मोठे आहेत."

उपासनानं आरशात त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस खरोखरच सुटल्यासारखा दिसत होता. त्याच्या लेखी चहा सांडला, पुसला, संपलं.

"तू अ‍ॅशबर्नला हो म्हणालास का?"

"अगं, आधी घरी जाऊ..."

"हो म्हणालास का?"

त्यानं गाडी रिव्हर्समध्ये टाकली, मग पुन्हा पार्कमध्ये. "म्हणालो. जूनपासून."

"मम्मा, व्हेअर आर वी गोइंग?" नैनानं विचारलं.

"आपण कुठेही नाही, बाळा," उपासना म्हणाली. "बाबा जाणार आहेत."

"उपासना, वेड लागलंय का तुला? एकटी काय करशील इथे?"

नैनाला शाळेतून कोण आणेल, भाड्याचं कसं जमेल, स्कूलनं घेतलंच नाही तर पुढे काय, सगळं एकदम तिच्या डोक्यात गरगरलं. तिनं नैनाच्या तोंडाभोवतीचा चुरा बोटानं पुसला.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण ते मी ठरवीन. तू गाडी काढ."