या, बसा, पाय पुढे करा

शहाणी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. चार वर्षांची असताना तिने दुकानातल्या एका गिऱ्हाइकाला कोणत्या रंगाची नाडी शोभेल हे ठणकावून सांगितलं, त्या दिवसापासून घरात ती शहाणी झाली, आणि तिशी उलटली तरी शहाणीच राहिली. पोटापाण्याचा धंदाही तिने तसाच निवडला. कंपन्यांच्या वेबसाइटसाठी ती मजकूर लिहायची. वाचणाऱ्याला सरळ 'तू' म्हणून गळ्यात हात टाकण्यात तर तिचा हातखंडा होता. एका गाद्यांच्या कंपनीसाठी तिने लिहिलं, 'झोप तुझी, काळजी आमची', आणि त्या कंपनीच्या मालकाने तिला डोक्यावर घेतलं होतं.

बाबा बूट शिवायचे. पण एक पाय आखूड असलेल्यांचे, बोटं गेलेल्यांचे, घोटा न वळणाऱ्यांचे. बाजारातला कुठलाच जोड ज्यांना होत नाही, ती माणसं त्यांच्याकडे यायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची लांबट खोली. खिडकीखाली शिलाईचं यंत्र, भिंतीला बूट बेतायच्या लाकडी पायांची रांग, आणि मधोमध मापाचं स्टूल.

त्या स्टुलाचा एक कायदा होता. घरात बाबा लेकीला 'ए' म्हणायचे, बायकोला 'अगं' म्हणायचे आणि मेव्हण्याला तर हाकच मारायचे नाहीत. पण स्टुलावर कोणी बसलं आणि बाबांनी गुडघे टेकून त्याचा पाय मांडीवर घेतला, की ते माणूस 'तुम्ही' झालंच. मग ते सहा वर्षांचं शेंबडं पोर का असेना. "या, बसा, पाय पुढे करा. कुठे टोचतं ते सांगा." शहाणीसुद्धा लहानपणी तिथे बसली की 'तुम्ही' व्हायची आणि खुदुखुदु हसायची. पुढे ती मोठ्या दुकानातून तयार जोड घ्यायला लागली आणि स्टूल सुटलं, त्याला आता बारा वर्षं झाली.

"चाळीस वर्षांच्या संसारात मला 'तुम्ही' ऐकायला मिळतं ते त्या स्टुलावरच," आई म्हणायची. "म्हणून तर माझी चप्पल दर वर्षी तुटते."

आता गोष्ट अशी झाली होती, की गावाबाहेर पायांवर उपचार करणारं एक मोठं केंद्र निघालं होतं. तिथल्या मुख्य बाईंना बुटांसाठी एक कारागीर हवा होता. त्यांनी बाबांना फोन करून सांगितलं, "तुमची वेबसाइट सोमवारी बघते, मग ठरवू." बाबांची वेबसाइट म्हणजे दारावरची पाटी, आणि तीही रंग उडालेली. गिऱ्हाइकं तर दर वर्षी कमी होत चालली होती. शहाणीने आठ दिवसांची रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन दुकानाच्या कोपऱ्यात ठाण मांडलं.

"लिही," बाबा म्हणाले. "तुझ्या धंद्यात मी नाक खुपसणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव, माझ्या दारावर जे लिहिशील ते लोक माझ्या तोंडचं समजतील."

शहाणीने दोन मसुदे केले. पहिला असा: 'पाऊल तुझं. चाल तुझी. बूटही फक्त तुझाच.' दुसरा असा: 'आपल्या सेवेस आम्ही सदैव तत्पर आहोत. आपण कृपया पूर्वसूचना देऊन यावे.' दुसरा तिने मुद्दामच लिहिला होता, पहिला उठून दिसावा म्हणून. दोन्ही छापून भिंतीवर लावले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला कौल विचारायला सुरुवात केली. तिच्या ऑफिसात असंच करत.

पहिल्यांदा कॉलेजातले प्राध्यापक आले. ते खूश झाले. "हे 'तू' कसं छान वाटतं! मोकळं! घरच्यासारखं!" बँकेतल्या बाईंनी तेच सांगितलं. निवृत्त न्यायाधीशांना तर वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. शुक्रवारपर्यंत सात जणांनी कौल दिला आणि सातही 'तू'च्या बाजूने. शहाणीची छाती फुगली. तिने लॅपटॉप बाबांसमोर धरला.

बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "चांगलंय," म्हणाले आणि टाच ठोकायला लागले.

शहाणीने लॅपटॉप मिटला. बाबांचं 'चांगलंय' काय असतं ते तिला ठाऊक होतं. मेव्हण्याने बांधलेल्या घरालाही ते 'चांगलंय'च म्हणाले होते. जे मनापासून आवडे त्याला त्यांचा शब्द वेगळा होता. बूट तयार झाला, की ते आत हात घालून अंगठा फिरवत. शिवणीवरून, टाचेवरून, चवड्याखालून. कणभर टोचलं तरी बूट उसवायचा. नाहीच टोचलं, तर म्हणायचे, "टोचत नाही." त्यापलीकडे शाबासकी नव्हती.

"सात लोकांनी कौल दिलाय, बाबा."

"मग झालं की."

शनिवारी दुपारी आठवा माणूस आला, गोदामाचा पहारेकरी. उजव्या पायाची बोटं यंत्रात गेलेली, पन्नाशीचा, अंगावर इस्त्री केलेला गणवेश. बाबा आत कातडं भिजवत होते. शहाणीने त्यालाही भिंतीपाशी नेलं.

त्याने पहिला कागद वाचला. मग कसंनुसं हसला. "चांगलंय, ताई."

हे 'चांगलंय' शहाणीने बरोबर ओळखलं. "काका, खरं सांगा."

"मी काय सांगणार? शिकल्यासवरल्यांचं काम ते."

"तरीपण सांगा. माझ्यासाठी."

त्याने टोपी काढून हातात घेतली. "ताई, मी गेटवर उभा असतो. साहेब तू म्हणतो, साहेबाचा ड्रायव्हर तू म्हणतो, परवा साहेबाचं बारा वर्षांचं पोरगं म्हणालं, ए, गेट उघड. त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं, सवय झाली." त्याने आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं. "महिन्यातून एकदा मी इथे येतो. बुटाला काही झालेलं नसतं. तुमच्या वडिलांनाही ते कळतं. पण ते म्हणतात, या, बसा, पाय पुढे करा. मग उगीच एक टाका घालतात. तेवढं ऐकलं, की महिना जातो."

शहाणीला तोंडात मारल्यासारखं झालं. सात जणांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले. प्राध्यापक, बँकेतल्या बाई, न्यायाधीश. ज्यांना घराबाहेर पाऊल टाकलं की जो तो 'तुम्ही' म्हणतो, त्यांना 'तू' म्हणजे मधल्या सुट्टीसारखं वाटणारच. तिने कौल घेतला होता तो अशांचाच. इतकी वर्षं ती त्यांच्याचसाठी लिहीत आली होती, आणि स्वतःला शहाणी म्हणवून घेत होती.

तेवढ्यात बाबा हात पुसत बाहेर आले. "या! बसा. पाय पुढे करा." पहारेकरी बसला. बसताना त्याची पाठ ताठ झाली, हे शहाणीने पहिल्यांदाच पाहिलं. बाबांनी बूट उलटासुलटा केला, आत अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "इथे शिवण जरा सैल झालीय. बरं झालं वेळेवर आलात." शिवण मुळीच सैल नव्हती. या धडधडीत खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा शहाणीला इतका अभिमान वाटला, की ती पटकन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पहारेकरी गेल्यावर तिने दोन्ही कागद फाडले. 'तू' तर गेलंच, पण ते 'कृपया पूर्वसूचना'ही गेलं. असलं बाबा जन्मात कधी बोलले नव्हते. मग लिहायचं काय? तिने कोपऱ्यातून बाबांचं बोलणं ऐकायला सुरुवात केली आणि जसंच्या तसं उतरवून घेतलं. एक आई लेकराला घेऊन आली, एक मिस्त्री आला. रविवारी संध्याकाळी पान तयार झालं. वर स्टुलाचा फोटो. खाली एवढंच:

'या. बसा. पाय पुढे करा. कुठे टोचतं ते सांगा, घाई नाही. दोन पाय सारखे कोणाचेच नसतात. तुमच्या पायाला बूट होईल, बुटासाठी तुम्हाला पाय बदलावा लागणार नाही.'

तिने लॅपटॉप पुढे केला. बाबांनी वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. मग त्यांनी अंगठा पुढे केला आणि पडद्यावरून फिरवला. एका ओळीवरून, दुसऱ्या ओळीवरून, सावकाश. डिंकाचा एक डाग पडद्यावर उमटला.

"टोचत नाही," बाबा म्हणाले.

आईने आतून विचारलं, "काय म्हणाले?" आणि ऐकल्यावर हातातलं भांडं तसंच घेऊन बघायला आली.

सोमवारी अकराला फोन वाजला. बाबांनी तो कानापासून लांब धरला, त्यामुळे केंद्रातल्या बाईंचं बोलणं खोलीभर ऐकू आलं. पहिले सहा रुग्ण या आठवड्यात पाठवते, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? हे लिहिलंय कोणी? आमच्याही केंद्रासाठी लिहून हवं होतं."

"माझ्या लेकीने," बाबा म्हणाले. "ती याच धंद्यात आहे. पण आठवडाभर तरी थांबावं लागेल तुम्हाला. चांगल्या कारागिराकडे रांग असते."

फोन ठेवून ते थोडा वेळ हत्यारं सारखी करत राहिले. मग स्टुलावरची धूळ फडक्याने झटकली आणि गुडघे टेकून खाली बसले.

"या, ताई," ते म्हणाले. "बसा. तुमच्या चपलेची टाच झिजलेली दिसतेय."

चप्पल आठच दिवसांपूर्वी घेतलेली, कोरी होती. शहाणी स्टुलावर बसली, पाठ ताठ केली आणि पाय पुढे केला.