माझ्या अंगावरची रिकामी बाजू

मित्रांनो, मी शाळेने भंगारात काढलेला एक काळा फळा आहे. सध्या मुक्काम नागपुरातल्या एका वस्तीच्या चौकात, कडुनिंबाखाली. एक कोपरा उडालाय, पण मला म्हातारा म्हणायचं काम नाही. रोज सकाळी वीस-पंचवीस माणसं माझ्यासमोर उभी राहतात.

मला इथं आणलं मनोहररावांनी. ते एसटीत कंडक्टर होते. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. निवृत्त झाल्यापासून ते पेपरातली बातमी माझ्यावर उतरवू लागले. मध्ये खडूची उभी रेघ, डावीकडे एकाचं म्हणणं, उजवीकडे दुसऱ्याचं. "दोन घंट्या झाल्याशिवाय आपली गाडी सुटत नाही," असं ते म्हणत. पेपर तेहतीस वर्षं एकच. त्याच्यावर घरच्या माणसासारखा विश्वास.

अलीकडे मात्र माझी उजवी बाजू ओस पडू लागली. पेपरात बड्या लोकांचं म्हणणं चार कॉलम आणि साध्या माणसांचं एक ओळ, पुढे तीही गेली. मनोहरराव पानं उलटीपालटी करत आणि खडू हातातच राही. त्यांना फार वाईट वाटे. मला तर रागच येई. अहो, पेपरात नाही तर जाऊन विचारा की कोणाला! पण मला कुठे तोंड आहे?

एका मंगळवारी पेपरात चौकासमोरच्या बाजाराबद्दल आलं, "भाजीबाजार हलणार, विक्रेते राजी." त्या दिवशी मनोहररावांनी रेघच मारली नाही. अख्ख्या अंगावर तेवढंच लिहिलं. दुपारी समोर भाजी विकणाऱ्या इंदूबाई आल्या. अठरा वर्षांची त्यांची जागा जाणार होती, आणि गिऱ्हाईक त्यांनाच विचारत होतं, जागा का सोडताय म्हणून.

"भाऊ, आमी कधी हो म्हटलं? आमाले कोणी इचारलंच नाही."

"पेपरात तसंच होतं, बाई."

"पेपरवाला नाही आला, समजलं. तुमी तं इथंच राहता. तुमी काहून नाही इचारलं?"

मनोहररावांची मान खाली गेली. मलाही लाज वाटली, खोटं माझ्याच अंगावर होतं. त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसलं, रेघ मारली आणि इंदूबाईंचं म्हणणं शब्दाला शब्द उजवीकडे लिहिलं. पेपरला तीन पत्रं पाठवली. एकही छापून आलं नाही. चौथं ते आज सकाळी टाकून आले.

पण फळा वाचून वस्ती जागी झाली. आता बाजार हलवायला निघालेल्या वस्ती समितीची बैठक रविवारी याच चौकात आहे, आणि आधी भाजीवाल्या बोलणार आहेत. बाजार राहील की जाईल, ते तेव्हा ठरेल.

मित्रांनो, मला रंग द्या, पावसात झाका, पण माझी मधली रेघ पुसू नका. आज पेपरात पुन्हा एकाचंच म्हणणं आहे. डावीकडे ते उतरवून मनोहरराव वही घेऊन निघालेत. जाताना उजवीकडे लिहून गेलेत, "एकच घंटी झाली. थांबा, विचारून येतो."