सासूच्या नाचातली चाळण

आमच्या रिमोटवरच्या एका बटणाला माझ्याशिवाय घरात कुणी हात लावत नाही, असं मला परवापर्यंत वाटायचं. माझ्या नवऱ्याने, स्पासेने, तो बाहेरदेशी कामाला असतो त्या मारिबोरहून डीव्हीडी प्लेअर आणला, मला चालू-बंद तेवढं शिकवलं आणि सुट्टी संपली तसा परत कामावर गेला. बाकीचं मी दाबून दाबून शिकले. हे बटण एकदा दाबायचं, जरा थांबून पुन्हा दाबायचं. मग मधला तेवढाच तुकडा यंत्र परत परत दाखवत बसतं, तुम्ही नको म्हणेपर्यंत. दुसऱ्या बटणाने चित्र हळू होतं, तिसऱ्याने मोठं. आणि एक आहे खुणेचं. हव्या त्या जागी खूण करा, डिस्क काढून कपाटात ठेवा, महिन्याने परत घाला, यंत्र खूण विसरत नाही. त्या बाबतीत ते माझ्यावर गेलंय.

मी लावते तो तुकडा माझ्या धाकट्या जावेच्या, फ्रोसिनाच्या लग्नातला. ऑगस्टमध्ये, बाहेरदेशी कामाला गेलेले सगळे गावात असतात तेव्हा, माझ्या दिराचं, इल्चोचं लग्न झालं. फिल्ममध्ये सासूचा नाच चाललाय. सासूबाई सगळ्यांच्या पुढे, हातात लाल कापड बांधलेली चाळण, चाळणीत गोल पाव आणि गोड गोळ्या, मागे हातात हात धरून अख्खं गाव. मी पार शेपटाला. एका वळणावर कुणाची तरी जाडी मावशी कॅमेऱ्यासमोरून जाते. ती बाजूला होते तेव्हा चाळण फ्रोसिनाच्या हातात असते.

सासूबाईंनी दिली, की हिने घेतली? नेमकं तेवढंच मावशीच्या पाठीआड गेलं.

हळू करून पाहिलं. मोठं करून पाहिलं. मोठं केलं की सासूबाईंच्या तोंडाचे नुसते चौकोन होतात आणि मावशीची पाठ पडदाभर पसरते. माझ्या लग्नात सासूबाईंनी ती चाळण शेवटपर्यंत सोडली नव्हती. मला नुसता हात दिला होता.

आमच्याकडे धाकटा मुलगा आईबापांजवळ राहतो, थोरला वेगळा निघतो. तशी रीतच आहे, त्यात कुणाचा दोष नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या घरावर छप्पर चढलंय आणि मित्रोव्दनच्या सणाआधी आम्ही निघायचं ठरलंय. स्पासे फोनवर म्हणाला, "स्वतःचं घर होतंय आणि तू मुसमुसतेस काय? बायका यासाठी नवस करतात."

"मग त्यांना घेऊन जा," मी म्हटलं.

सासूबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे त्यांच्या मुलांनाही माहीत नाही. मला माहीत आहे. मी कायम त्यांच्या उजव्या बाजूला बसते. सासरे गेले त्या हिवाळ्यात मी सासूबाईंच्याच खोलीत झोपायचे. आणि आता ही कालची आलेली पोरगी त्यांच्या डाव्या कानात कुजबुजत राहणार आणि त्या हसत मान हलवणार. मला फ्रोसिनाचा हेवा वाटतो. उगाच आडवळणाने कशाला सांगू.

एकदा ती मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही.

"जाऊबाई, हे बटण कशाचं?"

"कशाचं नाही. मोडलंय."

"मग आई परत परत तिथेच का वळतायत?"

"मोडलंय म्हणूनच."

ती थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत उभी राहिली आणि गेली.

मग परवा हिवाळ्याच्या साठवणीचा आय्वार घातला. अंगणात भट्टी पेटवली, लाल मिरच्या भाजल्या, आम्ही तिघींनी बसून साली काढल्या. मोठ्या पातेल्यापाशी दर वर्षी मी उभी राहते. ढवळायचा लाकडी पळा घ्यायला मी हात पुढे केला, तर सासूबाईंनी तो फ्रोसिनाला दिला.

"हिला शिकू दे, रात्का. पुढच्या वर्षी तुझं पातेलं वेगळं."

मिरच्या पातेल्यात होत्या आणि झोंबत होत्या मला. फ्रोसिना हात राखून ढवळत होती, नवी ओढणी सांभाळत. तळाला लागल्याचा वास मला आला, आणि मी गप्प बसले. मनातून गार वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी सासूबाईंनी पावाला लावून चाखून पाहिलं.

"जरा लागलंय. लागलेला आय्वार मला आवडतो."

त्यांना तो मुळीच आवडत नाही. माझ्या पहिल्या वर्षी लागला होता तेव्हा अर्धं पातेलं कोंबड्यांपुढे गेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्रोसिना पातेलं घासायला पंपावर गेली, मी घरात येऊन डिस्क लावली.

"काय गं, अडकली का ही?" सासूबाई दारात उभ्या होत्या. "मघापासून बघतेय, मी आपली गरागरा फिरतेच आहे."

"अडकली नाही, मी अडकवलीय." मी उठून त्यांच्या उजव्या बाजूला गेले. "आई, खरं सांगा. चाळण तुम्ही दिलीत, की तिने घेतली?"

"कुठली चाळण?"

"ती काय, समोर."

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "ही मधे कोण कडमडलीय? हां, ती चाळण होय. मी दिली. खांदा भरून आला होता. कुणी भाजला होता तो पाव, धोंडा नुसता."

"मीच भाजला होता."

"मग तर झालंच."

"फिल्ममध्ये तर तुम्ही हसताय."

"समोर कॅमेरा, मग काय रडू?" त्या बाटल्यांची टोपली उचलून शेजारी निघाल्या. "तुला द्यायची म्हटलं तर तू शेपटाला. पिऊन आलेली पोरं होती मागे, त्यांना आवरायला आणखी कोण होतं माझ्याकडे?"

माझा विश्वास बसला नाही. खांदा भरून आला म्हणे. सबब काय, कुणीही सांगतं. मी माझ्या लग्नाची डिस्क काढली. मूळची कॅसेट, प्रिलेपच्या स्टुडिओत डिस्कवर उतरवून घेतलेली. म्हटलं, तेव्हा सगळा नाच चाळण धरली होती, तेव्हाचा खांदा बघू या.

डिस्क आत गेली आणि पडद्याच्या कोपऱ्यात खुणा उमटल्या.

या डिस्कवर मी कधीच खूण केली नव्हती. माझं लग्न मला पाठ आहे, खुणा कशाला करू? पहिली खूण दाबली. नाच संपलाय, सासूबाई माझ्या गळ्यात पडून रडतायत. पुढची दाबली. तेच रडणं, जरा आधीपासून. त्याच्या पुढची दाबली. त्यांचे ओले डोळे, चाळण अजून हातात.

सासूबाईंना टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करता येत नाही. इल्चो फुटबॉलशिवाय काही लावत नाही. स्पासे मारिबोरला. राहिलं कोण?

आधी संताप आला. घर घेतलं, पळा घेतला, आता माझं लग्नही हिला हवं. तेवढ्यात ती आत आली. हात कोपरापर्यंत काळे, ओढणी गळ्यात आलेली. पडद्याकडे बघून जागीच थांबली.

"मोडलंय म्हणालात तुम्ही," ती म्हणाली.

"तू हे कधी शिकलीस?"

"तुमचा हात बघून." ती खाली बघून बोटांचं काळं पुसत राहिली. "तुमच्या लग्नात त्या किती रडल्यात, जाऊबाई. माझ्या वेळी नाही रडल्या. मी माझी सगळी फिल्म हळू करून पाहिली, मोठी करून पाहिली. एक थेंब नाही. चाळण दिली नि लगेच दुसरीकडे बघायला लागल्या."

मी टीव्हीकडे पाहिलं. सासूबाई माझ्या गळ्यात पडून रडत होत्या.

माझ्या लग्नाच्या त्या रात्री त्यांचे पाय मीच कोमट पाण्यात धरले होते. टाचा सोलून निघालेल्या. पाणी लागताच त्या कळवळल्या आणि मग हसल्या. "गाव म्हणत असेल, सासूची सुनेवर केवढी माया," त्या म्हणाल्या होत्या. "त्या नव्या बुटांनी जीव घेतला गं माझा."

म्हणजे खांदाही खरंच भरून आला असणार.

फ्रोसिना माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, आणि ते भट्टीच्या धुराने नव्हते. बुटांचं ओठांवर आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मित्रोव्दन तोंडावर आलाय. चूल हिची, अंगण हिचं, सासूबाईंचा उजवा कानही हळूहळू सापडेलच हिला. तेवढं रडणं तरी माझ्याबरोबर येऊ दे.

"हो," मी म्हटलं. "खूप रडल्या होत्या."

आणि तिला नीट दिसावं म्हणून चित्र हळू केलं.