पितळेची एक वाटी आणि मी

मी एक जुना टंबलर आहे. थांबा मित्रांनो, पाणी प्यायचा नव्हे! मी मशीन आहे. पिवळं पातेलं, वर झाकण, खाली मोटर. नेमबाजीत गोळी उडून गेल्यावर मागे पितळेचं रिकामं टरफल राहतं ना, ती टरफलं माझ्यात टाकायची, अक्रोडाच्या कवचाचा भुगा घालायचा आणि बटण दाबायचं. मी थरथरतो, भुगा घासतो, आणि काजळलेली टरफलं अशी चमकतात की विचारू नका! मग ती पुन्हा भरून वापरता येतात.

मी न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात राहतो. सुरभीच्या गराजमध्ये. तिचे पप्पा सुखदेव नागपूरहून शिकायला आले आणि इथल्याच एका वर्कशॉपमध्ये लागले. तिथल्या ट्रेव्हर आजोबांनी त्यांना नेमबाजीच्या क्लबात नेलं, आणि मला निवडायलाही दोघं मिळून आले. दुकानात माझ्या शेजारी एक ऐटबाज टंबलर होता, पाणी आणि स्टीलच्या पिना घालून गोल फिरणारा.

"तो आतूनसुद्धा लख्ख करतो, मेट," ट्रेव्हर म्हणाले.

"आणि टरफलं वाळवू कुठे?" पप्पा म्हणाले. "आमच्याकडे हिवाळ्यात मोजे वाळत नाहीत!"

ट्रेव्हर खो खो हसले. "स्वीट अ‍ॅज, झकास. मग हाच घे."

काय दिवस होते ते! ट्रेव्हर आजोबांनी पप्पांना माझी सगळी निगा शिकवली, सुरभी दारात बसून ऐकायची. पातेलं गच्च भरायचं नाही. झाकणावरचा नट घट्ट हवा. मोटरला मधूनमधून विश्रांती. भुग्यात ओल्या कागदाचे तुकडे टाकायचे, म्हणजे धूळ त्यांना चिकटते. भुगा करडा झाला की बदलायचा. आणि झाकण उघडायचं ते बाहेर, मास्क आणि हातमोजे घालूनच. कारण बार उडाला की टरफलात शिशाची बारीक धूळ राहते, आणि शिसं पोटात जाणं फार वाईट. लहान मुलांना तर फारच.

मग ट्रेव्हर आजोबा नेल्सनला लेकीकडे राहायला गेले. पप्पा एकटे एकदा रेंजवर जाऊन आले, पुन्हा गेलेच नाहीत. माझ्या पोटात तो शेवटचा करडा भुगा तसाच राहिला. माझ्याशेजारी जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, ढीग होता. उन्हाळा आला की जँडल्ससुद्धा बीचवर जायच्या. मी मात्र तिथेच. रोज गराजचं दार वर जायचं, गाडी आत यायची, दिवा विझायचा. माझ्याकडे कुणी बघायचंही नाही.

या वर्षी बुद्धपौर्णिमेला बेबीताई आल्या, पप्पांची मोठी बहीण. सोबत त्यांच्या आईच्या पितळी वाट्या. सगळ्यांना खीर त्यातच द्यायची होती. आदल्या दिवशी पप्पा-मम्मी बाजारात गेले आणि बेबीताई वाट्या घेऊन थेट माझ्यासमोर!

"बाप्पा! घरची भांडी घासाले सुखदेवची कंबर दुखते, अन् टरफलांसाठी मशीन घेऊन बसला! पितळ ते पितळच ना? आधी एक टाकून पाहते."

मित्रांनो, किती दिवसांनी कुणीतरी मला हात लावला होता! बटण दाबलं आणि मी थरथरलो. मला इतका आनंद झाला! आणि मग आठवलं, पोटात तोच शिशाच्या धुळीचा करडा भुगा आहे. उद्या याच वाटीतून खीर खाणार. लहान मुलं चाटूनपुसून खाणार. थांबावं कसं? ओरडावं कसं?

पण माझा नट सैल झाला होता. झाकण खडखडायला लागलं. मी आणखी थरथरलो, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. खड खड खड खड!

सुरभी धावत आली. "आत्या, नो! स्टॉप!" तिने प्लगच ओढला.

"काहून ओरडतेस पोरी? चमकू दे ना."

सुरभी एरवी इंग्रजीतच उत्तर द्यायची. आज मात्र आठवून आठवून मराठीत बोलली. "आत्या, यात विष आहे. शिसं. तू हात धू. आधी हात धू."

पप्पा आले. मास्क लावून त्यांनी वाटी बाहेर काढली. लखलखत होती.

"धू ना चांगली. आईची आहे रे," बेबीताई हळूच म्हणाल्या.

"धुऊन जाईलही, ताई. पण मी त्यात कुणाला खीर नाही देणार."

बाकीच्या वाट्या बेबीताईंनी चिंचेनं घासल्या. खिरीच्या वासानं दुसऱ्या दिवशी गराजसुद्धा भरून गेलं. एक वाटी मात्र तिकडे नव्हती. ती माझ्या शेजारी, फळीवर होती. सुरभीने तिच्यात माझे सुटे नट ठेवले आणि माझ्या झाकणावर वेड्यावाकड्या मराठीत लिहिलं, 'खायची भांडी नाही!!'

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात पडलेलं असेल. त्याला विसरायचंच असेल तर आधी त्याचं पोट साफ करा, आणि आत काय होतं ते झाकणावर लिहून ठेवा. आम्हाला बोलता येत नाही हो. प्रत्येक वेळी नट सैल असेलच असं नाही.

आता दार वर गेलं की उजेड आधी वाटीवर पडतो आणि मग माझ्यावर. तिलाही आता स्वयंपाकघरात जाता येत नाही. मी थरथरत नाही, ती वाजत नाही. पण शेजारी कुणीतरी आहे.