दोन लाल, चार सोड

वर्षाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह लटकत होता, आणि सोनूच्या लग्नातल्या थैलीचा सगळा भरवसा त्या बोटभर वस्तूवर होता.

सोनू ही तिची धाकटी बहीण. सासरी जाताना हातात असायची ती भरतकामाची थैली आजीच्या नक्षीचीच हवी, दुसरी नको, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पण आजीची, रुक्माबाईची, थैली पेटीतच वाळवीनं खाल्ली होती. बरं इतकंच, की त्याआधीच्या हिवाळ्यात बापूंनी ती अख्खी एक्सेलमध्ये उतरवून ठेवली होती. एक टाका म्हणजे एक घर. याडी, म्हणजे आई, सुईच्या टोकानं टाके मोजून सांगायची, बापू आकडे भरायचे. एक म्हणजे लाल, दोन पिवळा, तीन हिरवा, चार पांढरा. मग त्यांनी मॅक्रो लिहिले. एक बटण दाबलं की नक्षी साध्या टेक्स्ट फाइलीत जायची. दुसरं दाबलं की तिथून परत येऊन घरं रंगायची. “एक्सेल म्हणजे पुरणपोळी,” बापू, म्हणजे लालसिंग गुरुजी, तांड्यात सांगत फिरायचे, “टेक्स्ट फाइल म्हणजे भाकर. कुठंबी नेता येते अन् लवकर खराब होत नाई.”

फाल्गुनात बापू गेले. पावसाळ्यात त्यांचा लॅपटॉपही गेला, बटणांसकट. भाकर तेवढी उरली, वर्षाच्या पेनड्राइव्हवर.

वर्षा उमरखेडला एका ऑफिसात याद्या सांभाळायची. दिवाळीला ती आपला लॅपटॉप घेऊन आली आणि सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून फाइल परत आणणारा मॅक्रो नव्यानं लिहिला. याडीनं, सुखीबाईनं, निळं कापड धुऊन तयार ठेवलं होतं. दोऱ्यांच्या लडी मांडीवर होत्या. शेजारच्या बसंतीबाई चहाच्या निमित्तानं आल्या होत्या आणि बसल्या त्या बसल्याच.

वर्षानं बटण दाबलं. रंग भराभर उमटले आणि सगळे डाव्या कडेला जाऊन थडकले, सूप तिरपं केल्यावर दाणे एका कोपऱ्यात जमावेत तसे.

“हे थैलीवरचं काम हाये का?” बसंतीबाई पुढं वाकल्या. “मले तं ढाणकीच्या बाजारातून निघालेली जीप दिसून राह्यली. सगळे एकाच बाजूनं लटकेल.”

“काकू, तुम्ही चहा प्या.”

“पिऊनच राह्यली न बाई. चहा प्याले डोळे लागत नाईत.”

सोनू हसली नाही. “ताई, फाइलच खराब झाली का?”

बापूंनी भरलेला एकही टाका आता दुसरीकडं कुठं नव्हता.

याडी बराच वेळ पडद्याकडं पाहत होती. “एवढी गच्च नवती ते,” ती म्हणाली. “सासूबाईच्या कामात कापड दिसे.”

“म्हणजे?”

“कोरी जागा कुठं गेली? तेबी मोजली होती आमी. दोन लाल, चार सोड, एक पिवळा, असं मी सांगो. ‘सोड’ म्हटलं का तुहे बापू चारदा बटण दाबत. मी म्हणो, काई लिहीत नाई तं दाबता कायले? तं म्हणे, नाई दाबलं तं पिवळा लालाच्या मांडीवर जाऊन बसन.”

वर्षानं टेक्स्ट फाइल उघडली. पहिल्याच ओळीत दोन एक्के, मग एकापुढं एक पाच स्वल्पविराम, मग दोनाचा आकडा. प्रत्येक घर संपलं की एक स्वल्पविराम, म्हणजे मधली चार घरं रिकामी, पण जागच्या जागी. ऑफिसातल्या याद्यांत रिकामे रकाने म्हणजे कचरा. म्हणून मॅक्रो लिहिताना तिच्या हातानं तिला न विचारताच एक ओळ घातली होती: रिकामं आलं की गाळ.

तिनं ती ओळ खोडली आणि पुन्हा बटण दाबलं.

लाल आला. चार घरं सोडून पिवळा आला. ओळीमागून ओळ खाली उतरत गेली, शंकरपाळ्यात शंकरपाळा उमलत गेला, आणि मधल्या कोऱ्या जागांनी प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा दिली. सोनू किंचाळली. कोपऱ्यात झोपलेला कुत्रा दचकून पळाला.

“आली वं रुक्माबाई!” बसंतीबाईंनी मांडीवर थाप मारली. “आता मशीनलेच चहा पाजा.”

याडीचं बोट एका ओळीवर थांबलं. “हे पाह्य. इथं पिवळा पाह्यजे होता, हिरवा हाये. सासूबाईची चूक. मी म्हटलं होतं तुह्या बापूले, सुधरवून टाका.”

“मग?”

“नाई सुधरवली.” याडीनं दोरा दातानं तोडला. “म्हणे, माह्या मायची हाये. राहू दे.”

सोनूनं त्या हिरव्या घरावर बोट टेकवलं.

“मलेबी हिरवाच पाह्यजे तिथं,” सोनू म्हणाली.

वर्षानं टेक्स्ट फाइल सोनूच्या फोनवर पाठवली, स्वतःच्या फोनवर घेतली, आणि बसंतीबाई नको नको म्हणत असताना त्यांच्याही फोनवर टाकली. तेवढ्यात याडीनं सुईत दोरा ओवला होता.

“सांग,” ती म्हणाली.

वर्षानं पडदा तिच्या बाजूनं न वळवता स्वतःकडंच ठेवला. “दोन लाल.”

सुई दोनदा खाली-वर झाली.

“चार सोड.”

याडीनं निळ्या कापडाचे चार धागे नखानं मोजले.

“अशानं तं लग्नाच्या आंधी बारसं येईन,” बसंतीबाई म्हणाल्या, आणि कप पुढं केला. “आणखी आन वं सोनू. बसाच लागते आता.”